दुधनीची परसबाग : रोगाला पुरून उरणारे भाजीवाण कसे निवडावेत?

दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या फुगवट्याकाठी वसलेले दुधनी हे दादरा व नगर हवेलीतील गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते नौकाविहारासाठी. गावातल्या घरामागच्या परसाकडे मात्र पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते. वांग्याची पाच-सहा झाडे, मिरचीची दोन-चार, भेंडीची एखादी ओळ आणि मांडवावर किंवा छपरावर चढवलेला दोडक्याचा नाहीतर काकडीचा वेल, एवढ्यावर घरची भाजी भागते. या परसाचा खरा शत्रू अवर्षण नव्हे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि चार महिने न वाळणारी माती यांमुळे येथे रोग लवकर शिरतो आणि मुक्कामही लांबवतो.

शेतात शंभरातील दहा झाडे मेली तर ते नुकसान असते. परसात पाचांतील तीन मेली तर ताटातली भाजीच जाते. त्यातच परसबागेत औषधफवारणीचा मार्ग अडचणीचा असतो. फवारणीनंतर काढणीपूर्वी ठरावीक दिवस थांबावे लागते आणि परसातली भाजी तर एक-दोन दिवसांआड खुडली जाते. शिवाय विषाणूजन्य रोग आणि जिवाणूजन्य मर यांवर रोग जडल्यानंतर उपयोगी पडेल असे औषधच नाही. म्हणून परसबागेतील पीकसंरक्षणाचा सर्वांत मोठा निर्णय बियाणे हाती घेतानाच होत असतो.

प्रतिकारक म्हणजे नेमके काय?

बियाण्याच्या पाकिटावर ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द एकटाच छापलेला असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. प्रतिकारकता ही नेहमी एका विशिष्ट रोगाविरुद्ध असते. हळद्या रोगाला दाद न देणारी भेंडी भुरीला सहज बळी पडू शकते. करपा सोसणारा टोमॅटो मर रोगाने दोन दिवसांत माना टाकू शकतो. सर्व रोगांना पुरून उरणारा वाण अस्तित्वात नाही. त्यामुळे ‘हा वाण प्रतिकारक आहे का?’ असे न विचारता ‘हा वाण कोणत्या रोगाला प्रतिकारक आहे?’ असे विचारावे.

दुसरा भेद प्रतिकारक आणि सहनशील यांतील आहे. प्रतिकारक वाणात रोगजंतूला शिरकाव किंवा वाढ करता येत नाही, अथवा फार थोडी करता येते. सहनशील वाणाला रोग होतो, पण झाड तग धरते आणि फळही देते. घरच्या भाजीपुरता सहनशील वाण पुष्कळदा पुरेसा ठरतो. मात्र त्याच्या अंगातील विषाणू शेजारच्या नाजूक झाडापर्यंत पोहोचू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

रोगप्रतिकारकता आनुवंशिक असते आणि मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरते, हे केंब्रिजच्या रोलंड बिफन यांनी १९०५ मध्ये गव्हाच्या तांबेरा रोगावरील प्रयोगांतून दाखवले. तेव्हापासून रोगाला दाद न देणारे झाड शोधायचे आणि त्याचा गुण खाण्यायोग्य वाणात उतरवायचा, ही वाणपैदाशीची एक मुख्य वाट झाली.

आधी रोग ओळखावा

वाणाची यादी पाहण्यापूर्वी गेल्या हंगामात आपल्या परसात झाडे कशाने गेली, हे आठवावे. किनारपट्टी आणि तिच्यालगतच्या डोंगराळ भागात रोगांचे ढोबळ वेळापत्रक असे असते. भर पावसाळ्यात जिवाणूजन्य मर, रोपांची कोलमड, फळकूज आणि वेलवर्गीय भाज्यांवरील केवडा यांचा जोर असतो. पाऊस ओसरून ऊन तापू लागले की पांढरी माशी वाढते आणि तिच्याबरोबर भेंडीचा हळद्या व टोमॅटोची पाने वळवणारा विषाणू पसरतो. हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत आणि गार रात्रींत भुरी दिसते.

वांगी, टोमॅटो किंवा मिरचीचे झाड पाने हिरवी असतानाच अचानक कोमेजले, तर जिवाणूजन्य मर रोगाचा संशय घ्यावा. त्याची परीक्षा घरीच करता येते. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले, तर दोष जिवाणूचा. धागे आले नाहीत, तर बुरशीजन्य मर, मूळकूज किंवा साचलेले पाणी यांचा विचार करावा.

झाड खुरटले असेल तर मुळे उपटून पाहावीत. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर गाठी असतील तर त्या सूत्रकृमींच्या असतात. चवळी-वालाच्या मुळांवरील गाठी मात्र नत्र देणाऱ्या उपकारक जिवाणूंच्या असू शकतात. त्या नखाने सहज सुटतात आणि आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमींची गाठ मुळाचाच भाग असल्याने सुटत नाही.

मिरचीच्या पानांकडेही बारकाईने पाहावे. पानांच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळल्या असतील तर कोळी कारणीभूत असतात. पाने बारीक होऊन पेरे आखूड झाले आणि झाड झुडपासारखे दाटले, तर विषाणूची शंका येते. या तिन्हींना गावात ‘चुरडामुरडा’ किंवा ‘बोकड्या’ असे एकच नाव असले तरी तिन्हींवरचा उपाय एक नाही.

भेंडीची शिकवण

प्रतिकारक वाणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी भेंडीच्या इतिहासात दिसतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पुढे फळेही पिवळी आणि निबर होण्याच्या रोगाची पहिली नोंद १९२४ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातून झाली. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हा विषाणू आजही भेंडीचा पहिल्या क्रमांकाचा वैरी आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने बंगालमधून मिळालेल्या एका भेंडीचा संकर करून ‘पुसा सावनी’ हा वाण तयार केला. आरंभी तो शेतात या रोगाला दाद देत नसे आणि देशभर गाजला. काही वर्षांत मात्र त्याची ही ताकद ओसरली आणि तोही पिवळा पडू लागला.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात गाठला गेला. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा ‘मॅनिहॉट’ या भेंडीच्या दुसऱ्या जातीशी संकर केला. त्या संततीचा पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत त्यांनी त्या जातीतील प्रतिकारकता खाण्याच्या भेंडीत आणली. हाच १९८५ मध्ये प्रसारित झालेला ‘परभणी क्रांती’. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का अनामिका’ आणि ‘अर्का अभय’ हे वाणही अशाच आंतरजातीय संकरातून आले.

हे तिन्ही सरळ वाण आहेत. म्हणजे त्यांचे बी घरी धरता येते. परसबागेसाठी हा मोठा लाभ आहे. मात्र विषाणूही बदलत असतो आणि काही भागांत या वाणांवरही आता हळद्या दिसू लागला आहे. त्यामुळे एकदा निवडलेला वाण कायमचा असे मानू नये; दर हंगामात त्याची पुन्हा पारख करावी.

वांगी, टोमॅटो आणि मिरची

दमट, उष्ण आणि आम्लधर्मी जमिनीत जिवाणूजन्य मर ही या तिन्ही पिकांची मुख्य अडचण असते. तिचा जिवाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे ज्या जागी वांगे मेले, त्याच जागी टोमॅटो लावणे म्हणजे रोगाला पुन्हा जेवण वाढण्यासारखे आहे.

या रोगाबाबत दोन संस्थांचे काम आपल्याला विशेष उपयोगी आहे. बंगळूरच्या संस्थेने वांग्याचे ‘अर्का केशव’, ‘अर्का नीलकंठ’ आणि ‘अर्का निधी’ हे मर-प्रतिकारक सरळ वाण दिले. केरळ कृषी विद्यापीठाने जांभ्या, आम्ल जमिनीत आणि मुसळधार पावसात निवड करून वांग्याचे ‘सूर्या’, ‘श्वेता’ आणि ‘हरिता’, टोमॅटोचे ‘शक्ती’, ‘मुक्ती’ आणि ‘अनघा’ व मिरचीचे ‘उज्ज्वला’ हे वाण पुढे आणले. दुधनीचे पाऊसमान पाहता, कोरड्या पठारावर नावाजलेल्या वाणापेक्षा अशा हवामानात पारखलेला वाण आधी लावून पाहणे शहाणपणाचे.

टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ आणि ‘अर्का सम्राट’ हे बंगळूरचे संकरित वाण पाने वळवणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना प्रतिकारक आहेत. ‘अर्का अभेद’मध्ये उशिरा येणाऱ्या करप्याविरुद्धच्या प्रतिकाराचीही भर पडली आहे. मात्र हे संकरित वाण असल्याने दरवेळी नवे बी घ्यावे लागते. घरी बी धरायचे असेल तर ‘अर्का आभा’ आणि ‘अर्का आलोक’ हे मर-प्रतिकारक सरळ वाण पाहावेत. सूत्रकृमींचा त्रास असल्यास ‘हिसार ललित’ हा टोमॅटोचा प्रतिकारक वाण उपलब्ध आहे. टोमॅटोतील सूत्रकृमी-प्रतिकार जमिनीचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ढिला पडतो. म्हणून असे वाण उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक गुण दाखवतात.

वांग्याची फांदी व फळे करपवणाऱ्या आणि बियाण्यातून पसरणाऱ्या फोमोप्सिस या बुरशीला ‘पुसा भैरव’ प्रतिकारक आहे. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीपासून पूर्ण सुटका करणारा वाण मात्र परसबागेसाठी उपलब्ध नाही. या अळीविरुद्ध तयार केलेल्या बीटी वांग्याच्या लागवडीला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. त्यामुळे कोमेजलेला शेंडा दिसताच खुडून नष्ट करणे हाच घरगुती उपाय होय. मिरचीत ‘पुसा सदाबहार’ हा वाण विषाणूंना बराच दाद न देणारा असून तो एकाहून अधिक वर्षे टिकू शकतो. परसातल्या कोपऱ्यासाठी हा गुण सोयीचा आहे.

मर रोग पाठ सोडत नसेल तर कलमी रोपांचा मार्ग आहे. ‘सोलॅनम टॉर्व्हम’ या रानवांग्याच्या खुंटावर वांग्याचे कलम बांधले असता मुळे रानाची आणि फळे घरची, असा मेळ साधतो. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने टोमॅटोसाठी निवडलेला ‘ईजी २०३’ हा वांग्याचा खुंट जिवाणूजन्य मर आणि साचलेले पाणी दोन्ही सोसतो.

वेल, शेंगा आणि भोपळा

वेलवर्गीय भाज्यांत पानांवर कोनाकृती पिवळे डाग पाडणारा केवडा आणि पांढरी पूड पसरवणारी भुरी हे दोन रोग प्रमुख. काकडीचा ‘पॉइन्सेट’ हा मूळचा अमेरिकी वाण दोन्हींना प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. कलिंगडाचा ‘अर्का माणिक’ भुरी, केवडा आणि करपा अशा तिन्हींना दाद देत नाही. भोपळ्याचा ‘अर्का सूर्यमुखी’ फळमाशीला प्रतिकारक आहे. कारली-दोडक्यासाठी फळमाशीचे गंधसापळे अधिक भरवशाचे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकणासाठी दोडक्याचा ‘कोकण हरिता’, कारल्याचा ‘कोकण तारा’ आणि काकडीचा ‘शीतल’ हे वाण दिले आहेत. त्यांची निवड कोकणच्या पावसाळी हवेसाठी झालेली असल्याने दुधनीत ते आजमावण्याजोगे आहेत.

शेंगवर्गात फरसबीचा ‘अर्का अनूप’ तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा या दोन्हींना, तर चवळीचा ‘पुसा कोमल’ जिवाणूजन्य करप्याला प्रतिकारक आहे. शेंगवर्गाचा आणखी एक उपयोग असा की वांगी-टोमॅटोच्या जागी त्यांचा फेर घेता येतो.

पाकीट वाचताना

‘मर-प्रतिकारक’ एवढेच लिहिले असेल तर कोणती मर हे शोधावे. परदेशी किंवा मोठ्या कंपन्यांच्या टोमॅटो-पाकिटांवर ‘व्ही’, ‘एफ’, ‘एन’ आणि ‘टी’ अशी अक्षरे असतात. ती अनुक्रमे व्हर्टिसिलियम बुरशी, फ्युजेरियम बुरशी, सूत्रकृमी आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू यांच्याविरुद्धचा प्रतिकार दर्शवतात. यांतील एकही अक्षर जिवाणूजन्य मर रोगाबद्दल काही सांगत नाही. ‘एफ’ पाहून घेतलेला टोमॅटो आपल्याकडील पावसाळ्यात मेला, तर दोष बियाण्याचा नसून चुकीच्या रोगासाठी केलेल्या निवडीचा असतो.

प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. पायाभूत बियाण्याला पांढरी. खूणचिठ्ठीवर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत पाहावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवणशक्ती वांगी व टोमॅटोत ७० टक्के, भेंडीत ६५ टक्के आणि मिरचीत ६० टक्के ठरवलेली आहे. गुलाबी किंवा निळा रंग दिलेले बी सहसा औषध चोळलेले असते. ते मुलांच्या आणि कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे व उरल्यास खाण्यासाठी वापरू नये.

वर उल्लेखिलेले वाण गावातल्या दुकानात मिळतीलच असे नाही. बंगळूरच्या संस्थेचे बियाणे तिच्या संकेतस्थळावरून मागवता येते. दापोली आणि नवसारी ही दोन कृषी विद्यापीठे, तसेच डहाणू तालुक्यातील कोसबाड हिलचे कृषी विज्ञान केंद्र दुधनीला तुलनेने जवळची आहेत. पेरणीच्या महिनाभर आधी चौकशी केल्यास ऐनवेळी मिळेल ते बी घेण्याची पाळी येत नाही.

निम्मे नवे, निम्मे गावरान

नवा वाण आणला म्हणून घरचे गावरान बी टाकून देऊ नये. परभणी क्रांतीचा प्रतिकार रोजच्या खाण्याबाहेरच्या जातीतून आला. पुसा सावनीचा बंगालच्या एका जुन्या भेंडीतून. अनेक पावसाळे आपल्या मातीत निभावून गेलेल्या वांग्यात किंवा काकडीतही असा गुण दडलेला असू शकतो. तो हरवला तर कोणतीही संस्था तो परत आणून देऊ शकत नाही.

यासाठी साधी रीत अशी. पहिल्या वर्षी नव्या वाणाची पाच आणि गावरान वाणाची पाच झाडे एकाच दिवशी, एकाच वाफ्यात आलटून-पालटून लावावीत. पहिले झाड केव्हा आजारी पडले, हंगामाअखेर किती उरली आणि घरच्यांना कोणती भाजी आवडली, हे कॅलेंडरवर टिपून ठेवावे. दोन हंगामांच्या अशा नोंदी परसबागेसाठी कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाच्या ठरतात. चव हाही निकष मानावा; निरोगी पण कोणी न खाल्लेले वांगे घराच्या उपयोगाचे नाही.

जे झाड अखेरपर्यंत निरोगी राहिले त्याचेच बी धरावे. टोमॅटोत परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते. भेंडी आणि वांग्यात कीटकांमुळे परकी परागकण येऊ शकतात. म्हणून निवडलेल्या झाडाची कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीत बांधावी, फळ धरल्यावर पिशवी काढावी आणि खुणेसाठी देठाला रंगीत दोरा बांधावा. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात; प्रतिकारही काही झाडांतून निघून जातो.

वाणाला साथ द्यावी

प्रतिकारक वाण म्हणजे अर्धे काम. उरलेले अर्धे माळ्याने करावयाचे असते. रोपे पहिले २५ ते ३० दिवस बारीक जाळीखाली वाढवल्यास पांढरी माशी दूर राहते. कोवळ्या वयात विषाणू लागला तर सहनशील वाणही टिकत नाही. पावसाळ्यात गादीवाफा किमान वीतभर उंच असावा, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही. हळद्या झालेली भेंडी, पर्णगुच्छाने बारीक पानांची झालेली वांगी आणि मर लागलेले झाड दिसताक्षणी उपटावे. ते कंपोस्टात न टाकता दूर नेऊन जाळावे. मर लागलेल्या वाफ्यातील खुरपे धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात वापरू नये, कारण जिवाणू मातीबरोबर प्रवास करतो. त्या जागी पुढील दोन-तीन हंगाम मका, चवळी किंवा पालेभाजी घ्यावी. जागाच नसेल तर वांगी-टोमॅटो नव्या मातीच्या पोत्यांत लावावेत. सूत्रकृमी असतील तेथे झेंडूचे एक पीक घ्यावे.

निवडीला आरंभ करायचा तो एकाच भाजीपासून. गेल्या वर्षी जी भाजी घरात सर्वांत कमी आली ती निवडावी, तिचे झाड कशाने मेले ते ठरवावे आणि त्या एका रोगाला प्रतिकारक असा एक वाण शोधावा. पुढच्या पावसाळ्यात ती पाच झाडे उभी राहिली, तर दुसऱ्या भाजीकडे वळता येईल.